रिस्कच्या रकान्यात आप्पा

आमच्या कम्युनिकेशनच्या वर्गात मार्क मागावे लागतात, किस्से मात्र न मागता साचतात. मी तर एकाच पेपरला दोनदा बसलोय, म्हणजे माझा साठा डबल! पेपर साधा आहे: निरोप लोकांपर्यंत पोचवायचा प्लॅन करा, आणि तो खरंच पोचवा.

पहिल्यांदा उडालो तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच बोलले, "बोलानं शिकाले कालेज लागस का रे? आते परत नापास व्हयना ते मना शेजारना लूमवर ये." आप्पा सुरतजवळ कडोदऱ्याला पॉवरलूम चालवतात. शेजारचा लूम खरंच रिकामा होता.

*

नापास पोराला टीममध्ये कोण घेणार? वर्गातल्या दीपालीनं घेतलं. "मला अनुभवी माणूस पाहिजे होता," म्हणाली.

प्रोजेक्ट ठरला: आप्पांच्याच कारखान्यात डोळे तपासणीचा कॅम्प. आमच्या गुजराती देसाई मॅडमनी प्लॅनचा तक्ता भरायला दिला. 'रिस्क'च्या रकान्यात मी लिहिलं: आप्पा.

"अने उपाय?" मॅडमनी विचारलं.

"पास होणं."

मॅडमनी खोडलं नाही. टिक केली!

*

कारखान्याच्या शेठना पटवायला आम्ही तीस स्लाइड नेल्या. दुसऱ्या स्लाइडला शेठ म्हणाले, "लूम बंध करवी पडशे?"

"ना, शेठ. चारच्या चहाला, गेटवरच."

"तो करो ने!"

उरलेल्या अठ्ठावीस स्लाइड दीपालीनं वॉचमनकाकांना दाखवल्या. मेहनत केली होती ना! काकांनी शेवटी दोन प्रश्नही विचारले.

*

पोस्टर मी केलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो तसा तक्ता: वरची ओळ मोठी, खाली अक्षरं बारीक बारीक होत जाणारी. सगळ्यात खालच्या ओळीत तारीख आणि वेळ.

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "ज्याला तारीख वाचता येईल, त्याला कॅम्पची गरज नाही!"

*

कॅम्पच्या दिवशी डॉक्टर हजर, टेबल हजर, चार वाजत आले तरी माणूस एक नाही. मी स्पीकर घेऊन शेडमध्ये घुसलो, ओरडलो. लूमच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू येईना. दीपाली नखं खात होती. मी रिकाम्या लूमकडे बघत होतो.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एक बोट डोळ्याखाली लावलं, चार बोटं दाखवली, गेटकडे हात केला. समोरच्या लूमवाल्यानं तेच पुढच्याला केलं. शेडमध्ये सगळे असेच हातांनी बोलतात; वीस वर्षं आप्पा घरीही मीठ हातानंच मागतात, आणि मी हे प्लॅनमध्ये लिहिलंच नव्हतं!

चारला गेटवर ही रांग!

*

व्हायव्हात बाहेरचे सर म्हणाले, "तुमचं माध्यम काय होतं?"

"आप्पा."

सर गोंधळले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रिस्कच्या रकान्यातून काढ त्यांना. रिसोर्समध्ये टाक."

*

रिझल्ट लागला तसा पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट शेडच्या दारात गेलो. आप्पा तुटलेला धागा बांधत होते. मी अंगठा वर केला. पास!

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विश्वास बसेना. एक बोट डोळ्याखाली लावलं आणि गेटकडे हात केला: जा, आधी डोळे तपासून घे, मग रिझल्ट वाच!

ते समोरच्या लूमवाल्यानं पाहिलं. त्यानं पुढच्याला केलं.

चारला गेटवर अख्खी रांग. डॉक्टर नव्हते. मी बॉक्स उघडला.