वायर कापून फोटो पाठवा

दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. खरं तर ती वहिनी एकट्या धाकट्या दिराची. चौकात त्याचं भरतकामाचं मोठं दुकान. तिथे ती वर्षानुवर्षं राबली, आणि एक दिवस गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, "वहिनींना काय कळतंय डिझाइनमधलं?"

झालं! त्याच दिवशी ती बाहेर पडली. दिराने हसत एक जुनं मशीन देऊ केलं. "चालवून दाखवा. पण एक जरी ऑर्डर चुकली, तर मशीन परत आणि तुम्हीही परत. चौथ्या स्टुलावर."

"मान्य," वहिनी म्हणाली. चौथं स्टूल संडासाच्या दाराशी होतं. तिथे परत बसण्यापेक्षा ती भांडी घासायला तयार होती.

पुढच्या खोलीत मशीन आलं. लॅपटॉपवर ती डिझाइन टाका-टाका करून बसवायची आणि मशीन ते शिवायचं. लॅपटॉप तसा म्हातारा. त्याच्या चार्जरची वायर पिनपाशी मोडलेली; ती वाकवून वर इस्त्री ठेवली तरच करंट यायचा. हॉस्पिटलच्या बॅजची ऑर्डर आली तेव्हा तिने नवा चार्जर शोधला. बाजारात कुठेच मिळेना, म्हणून परदेशातल्या कुणा दुकानदाराकडून ऑनलाइन मागवला.

तो आला, लावला, आणि पडद्यावरचा बाण भूत लागल्यागत उड्या मारायला लागला. टाका पानावर ठेवावा तर पडायचा देठाच्या पार खाली. वायर काढली की बाण शांत. तक्रार केली, दुसरा आला. तो तर बाणही नाचवायचा आणि वर तव्यासारखा तापायचा. पुन्हा तक्रार. उत्तर आलं : "प्रिय मित्रा, वायर कापून फोटो पाठवा, पैसे परत करू."

"मित्र म्हणे! मेल्याचं तोंड तरी पाहिलंय का मी?" असं म्हणत ती आंघोळीला गेली.

नवरा बिचारा देवमाणूस. सांगितलेलं काम मागे ठेवायचं नाही, हा त्याचा एकच गुण आणि तोच अवगुण. त्याने मोबाइलवरचं ते उत्तर वाचलं. टेबलावर काळ्या वायरींचं भेंडोळं होतं. प्लग काढण्याइतकी अक्कल शाबूत ठेवून त्याने एक वायर उचलली, वहिनीची कापडाची कात्री घेतली, कचकन कापलं, फोटो काढून पाठवूनही दिला.

कापला होता जुना चार्जर.

"अहो! आणि तोही माझ्या कापडाच्या कात्रीने?" त्या कात्रीने कागद कापलेलाही तिला खपत नसे. यातली कोणती चूक मोठी, हे तिलाच ठरवता येईना. तेवढ्यात मोबाइल वाजला : "प्रिय मित्रा, फोटोतला चार्जर आमचा नाही. क्षमस्व." वहिनीला रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. बॅज सोमवारी द्यायचे होते.

त्यात नवऱ्याने फोनवर सगळं भावाला सांगून टाकलं. "तो म्हणाला, सोमवारी टेम्पोच घेऊन येतो."

"येऊ दे!"

चादर मधोमध विरली की ती मधून फाडायची, धड कडा एकमेकींना जोडायची. असं तिने किती वेळा केलं असेल. जुन्या चार्जरचा डबा धड, पिनपाशी मान मोडकी. नव्याचा डबा नासका, मान धड. मग अडलंय कुठे? तिने कात्री उचलली. ती आता बाटलेलीच होती, म्हणून नव्याचीही वायर कापली आणि दोन्ही घेऊन टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेली.

त्याने नाक मुरडलं, दोन्हींवरचे व्होल्टचे आकडे ताडून पाहिले. "जुळतंय खरं. पण जळलं तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

"खडे फोडायला घरात माझं नाव आहे की. तुम्ही जोडा."

त्याने जुन्याच्या डब्याला नव्याची वायर डाग देऊन जोडली, वर रबराची नळी चढवली. घरी येऊन तिने बटण दाबलं. बाण शहाण्या पोरासारखा गप्प. चार्जरचा हिरवा दिवा लागला, डबा कोमट तेवढा झाला. वहिनीने कापलेल्या नासक्या डब्याचा फोटो दुकानदाराला पाठवला : "घ्या, कापली. आता टाका पैसे." त्याने काही टाकले नाहीत. ती मात्र रोज सकाळी तोच फोटो त्याला पाठवत राहिली.

सोमवारी दीर दोन हमाल घेऊन दारात उभा राहिला. आत मशीन खडखडत होतं. वहिनी शेवटच्या बॅजचे दोरे कापत होती, आणि कात्री बोथट झाल्याने तिला दोन-दोनदा कापावं लागत होतं.

"वहिनी, मशीन…" त्याने घसा खाकरला.

"चालू आहे. त्याला हात लावायचा नाही." तिने बॅजचं गाठोडं उचललं आणि सरळ त्याच्या हातात दिलं. "टेम्पो आणलात ते बरं झालं, भाऊजी. हे हॉस्पिटलात पोचवा. आणि येताना एवढी कात्री धार लावून आणा."