एक रुपयाची कापशी

कोल्हापुरात माझं चपलांचं दुकान आहे. ते वारशानं आलेलं नाही. राधानगरीकडच्या गावातून आलो तेव्हा रस्त्याकडेला पोतं अंथरून त्यावर चपला मांडायचो, आज दोन गाळे आहेत. या धंद्यात एक गोष्ट शिकलो. सांगितला भाव मुकाट देणाऱ्या माणसाला वस्तूची कदर नसते. माझे व्याही सांगितला भाव देतात.

लेकीनं आणि जावयानं दोन्हीकडच्या आईवडिलांना अंदमानला न्यायचं ठरवलं तेव्हा मी नाही म्हणालो. समुद्र गणपतीपुळ्यालाही आहे, आणि तिथं गाडीनं जाता येतं. दुसऱ्या दिवशी लेक दुकानात आली आणि गिऱ्हाईक बसतं त्या बाकावर बसली.

"पप्पा, पुण्याच्या फ्लॅटची वास्तुशांत करायचीय. तुम्ही माझ्या सासरी येत नाही म्हणून दिवाळी मी दोनदा केली, दसरा दोनदा केला. वास्तुशांत दोनदा होत नाही. सहा दिवस माझ्या सासऱ्यांशी नीट बोलून दाखवा. नाही जमलं तर आम्ही दोघंच पूजेला बसू. कुणालाच बोलावणार नाही."

"मी काय भांडलोय का त्यांच्याशी?"

"भांडला असता तर बरं झालं असतं."

तिला कारण माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त बायकोला. लग्नात मी व्याह्यांना कापशी चप्पल दिली होती. पायाचं माप जावयाकडून कागदावर आखून घेतलं, माझ्या सगळ्यात जुन्या कारागिराला दीड महिना आधी सांगितलं. बारीक वेणी, लाल गोंडा, आणि चालताना करकर अशी वाजणारी की माणूस दिसायच्या आधी ऐकू यावा. चपला भेट देऊ नयेत म्हणतात, म्हणून मांडवातच त्यांच्याकडून एक रुपया घेतला आणि सौदा केला. पाचव्या दिवशी लेक पाचपरतावणाला माहेरी आली. गाडी दारात थांबली आणि मला ती करकर ऐकू आली. व्याही आले असं समजून मी टोपी घालून बाहेर गेलो. बाहेर त्यांचा ड्रायव्हर उभा होता. पायात माझी कापशी.

व्याही सांगलीचे, सांगली ते कोल्हापूर तासाभराचा रस्ता. तीन वर्षं मी तो केला नाही. विचारलं तर चपलेवरून भांडला म्हणतील, म्हणून विचारलंही नाही.

तर आम्ही बेटावर गेलो. खरं सांगायचं तर बेट पाहून माझा राग दोन दिवस मागे पडला. पाणी आधी काचेसारखं, मग पोपटी, मग एक ठळक रेघ आणि त्यापलीकडे गडद निळं. वाळू इतकी बारीक की मुठीत धरली तर पिठासारखी दाबून बसते. राधानगरीच्या जंगलातसुद्धा पाहिली नाहीत एवढी उंच झाडं थेट वाळूत उभी. त्यांच्या सावलीत बसलं की समोर ऊन, मागं रान, आणि पायाजवळ शंख पाठीवर घेतलेले खेकडे इकडून तिकडं. एका खेकड्यानं लहान शंख सोडून शेजारचा मोठा घेतला, आत शिरून पाहिला आणि परत जुन्यातच गेला. हे गिऱ्हाईक मी रोज बघतो. मी मोठ्यानं हसलो. शेजारी व्याही होते, तेही हसले. मी लगेच थांबलो.

व्याही कॉलेजात गणित शिकवायचे. जिथं पाटी दिसेल तिथं थांबून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. बोटीत सगळ्यांत आधी जॅकेटचे पट्टे त्यांनी बांधले, सांगितले तेवढेच, सांगितले तसेच. शहाळेवाल्यानं भाव सांगितला, त्यांनी पाकीट काढलं.

"पावणं, निम्म्यात दिलं असतं की त्यानं."

"असेल. पण त्यानं सांगितला तो भाव हा होता."

मी बायकोकडं पाहिलं. ती समुद्राकडं पाहत होती.

पाचव्या दिवशी आम्ही धाकट्या बेटावरून निघणार होतो. दुपारची बोट, सामान जीपमध्ये भरलेलं. त्याआधी खडकांची कमान पाहायची होती. समुद्रानं खडक पोखरून पुलासारखी कमान केली आहे, आणि पाणी ओसरलं की तिच्याखालून चालत जाता येतं. वाट धारदार मेलेल्या पोवळ्यांवरून. वाटेच्या तोंडाशी वाटाडे बसले होते, भाड्याचे प्लॅस्टिकचे बूट घेऊन. मी घासाघीस सुरू केली, रंगात आलो, वाटाड्या अर्ध्यावर यायला लागला, आणि तेवढ्यात व्याह्यांनी मागून सगळ्यांचे पैसे देऊन टाकले.

माझं डोकं फिरलं. "तुमच्या बुटात तुम्हीच जावा. मला नकोत."

"पप्पा," लेक म्हणाली. एवढंच.

मी चपलांचा व्यापारी, बेटावरसुद्धा चामड्याच्या चपलेतच फिरत होतो. खारं पाणी चामड्याला विष. म्हणून पाण्यापासून दहा पावलांवर, कोरड्या खडकावर चपला काढून ठेवल्या आणि जपून पाय टाकत अनवाणी निघालो. वाटाड्या ओरडला, "अंकल, वहाँ मत रखो, पानी आएगा." मला वाटलं, बूट खपवायला बोलतोय.

त्या खडकांत जे पाहिलं ते मात्र विसरणार नाही. प्रत्येक खळग्यात एक एक तळं, हंड्याएवढं. त्यात निळे मासे, नखाएवढे. काळं जाड गोगलगायीसारखं काहीतरी पसरलेलं, हात लावला की आखडणारं. एका तळ्यात जिवंत पोवळं होतं, जांभळं, टोकांना पिवळं, पाण्याबरोबर श्वास घेतल्यासारखं हलणारं. वाटाड्या बोट दाखवून नावं सांगत होता, व्याही वहीत लिहून घेत होते. कमानीखाली उभं राहिलं की वारा अंगावर येतो आणि पलीकडचा समुद्र चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. लेकीनं आम्हा सगळ्यांचा फोटो काढला. मी एका टोकाला, व्याही दुसऱ्या टोकाला.

परत आलो तेव्हा खडक जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण कमरेएवढ्या पाण्याखाली. पंचगंगेच्या घाटावर पायरीवर ठेवलेली चप्पल कुणी उचलली नाही तर संध्याकाळी तिथंच असते. नदीचं पाणी दिवसातून दोनदा उठून येत नाही. मी पाण्यात शिरलो, हातांनी चाचपलं, आणि पोवळ्याची धार पायाच्या तळव्यात घुसली.

वर येऊन बसलो. रक्त थांबेना. जीपपर्यंत तापलेला दगडी रस्ता. बायको म्हणाली, "आता भावाचं काय म्हणता?"

व्याह्यांनी पिण्याच्या पाण्यानं जखम धुतली, रुमाल बांधला आणि जीपकडं गेले. परत आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. माझ्या दुकानाची. आत तेल देऊन मऊ केलेली कापशी. वेणी शाबूत, गोंडा लाल.

"ही तुमच्याकडं हाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आहे म्हणजे? घरात रोज वापरतो. इथं वाळूत काढली नाही. पिशवीवर तुमचीच सूचना छापली आहे, पाण्यापासून जपा. परतीच्या प्रवासात घालणार होतो."

"आणि तुमचा ड्रायव्हर?"

ते गोंधळले. मग आठवून म्हणाले, "हां, ते सुरुवातीचे पंधरा दिवस. तुम्हीच सांगितलं होतं ना मांडवात? नवी कापशी चावते, आधी कुणा राकट पायाच्या माणसाला पंधरा दिवस घालायला द्या, मग तुम्ही घाला. त्याला मी तारीख लिहून दिली होती. सोळाव्या दिवशी परत घेतली."

मी हे रोज सांगतो. दिवसातून वीस वेळा, प्रत्येक मऊ पायाच्या गिऱ्हाइकाला. तिकडं लक्षसुद्धा नसतं, बिल करता करता तोंड चालू असतं. आजवर एकानंही ते ऐकून तसं केल्याचं मला माहीत नाही. मांडवात रुपया हातात पडला आणि माझ्यातला दुकानदार बोलायला लागला असणार. ते वाक्य शब्दाला शब्द पाळणारा एकच माणूस भेटला, तो माझा व्याही.

लेक माझ्याकडं पाहत होती. तिला सगळं समजलं होतं. ती आईकडं वळली. "हे? तीन वर्षं हे?"

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं हुतं, विचारा," बायको म्हणाली.

व्याह्यांना काय चाललंय कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी चपला माझ्या पायांपुढं जोडून ठेवल्या. मी पाय घालणार, तोच म्हणाले, "थांबा. चपला फुकट देऊ नयेत. एक रुपया."

मी खिसा चाचपला, आणि सवयीनं तोंड उघडलं. "आठ आण्याला द्या. वापरलेल्या हाईत."

"भाव एक रुपया."

लेक हसायला लागली, मग जावई, मग विहीणबाई. एवढ्या दिवसांत लेक अशी हसली नव्हती. मी एक रुपया दिला. सांगितला भाव, घासाघीस न करता. कापशी मला अर्धा इंच मोठी होत होती. दगडी रस्त्यावर पाऊल टाकलं आणि ती वाजायला लागली, करकर, करकर, जीपपर्यंत. पुढं व्याही प्लॅस्टिकच्या भाड्याच्या बुटात चालत होते.

बोटीवर मी त्यांच्या शेजारी बसलो आणि ड्रायव्हरला पाहिलं तेव्हा काय वाटलं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "तुम्ही मला एक फोन करायचा होतात."

"व्हय," मी म्हणालो. "करायला पाहिजे होता."

वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे. निमंत्रणात दोन्ही घरांची नावं एकाखाली एक छापली आहेत, पत्रिका माझ्या गल्ल्याच्या काचेखाली आहे. कापशी तेल लावून परत केली. वाटाड्याला पुरे पैसे दिल्याबद्दल मात्र मी व्याह्यांना अजून माफ केलेलं नाही. तो निम्म्यावर आलाच होता.