बॉनेटवरचं तीर्थ

गाडी धुवायला आला की बिभीषण आधी बादलीला हात लावत नसे. तळहात बॉनेटवर ठेवायचा. पत्रा कोमट लागला तरी म्हणायचा, "आता न्हाय. निवू द्या." तुळजापुरातल्या त्या गल्लीतल्या गाड्या वीस वर्षं त्याच्याच हातच्या. बोरचं पाणी जड, वाळलं की क्षार मागं ठेवतं, म्हणून शेवटचा हात तो जारच्या शुद्ध पाण्याचा मारायचा आणि थेंब न् थेंब मऊ फडक्यानं टिपून घ्यायचा. गल्लीतले माणिकप्पा त्याला चिडवत, "गाडी धुतोस का बाळ न्हाऊ घालतोस?"

चारुशीलाबाईंचा मुलगा उत्कर्ष पुण्याहून नवी काळी गाडी घेऊन आला, तीही पूजेसाठी बिभीषणनं भल्या पहाटे आरशासारखी करून ठेवली. पण देवळातली गर्दी उरकून घरी यायला बारा वाजले. उत्कर्ष दमून आत जाऊन आडवा झाला. नळाला पाणी नव्हतं. चारुशीलाबाईंनी कळशीभर बोरचं पाणी घेतलं, त्यात देवीच्या तीर्थाचे चार थेंब सोडले आणि आंब्याच्या डहाळीनं बॉनेटवर, टपावर मनसोक्त शिंपडलं. बिभीषण फडकं घेऊन पुढं आला.

"राहू द्या, बिभीषणभाऊ. तीर्थ पुसायचं नसतं."

"वहिनी, ऊन लई हाय. पत्रा तापलाय."

"देवीच्या पाण्यानं कुणाचं वाईट होतं व्हय?"

तो फडकं खांद्यावर टाकून मागं सरला.

संध्याकाळी बघतात तर काळ्या रंगावर चुना उडाल्यासारखे पांढरे ठिपके. उत्कर्षनं नखानं खरवडून पाहिलं, निघेनात. त्यानं बिभीषणला बोलावून घेतलं.

"काका, बोरच्या पाण्यानं धुऊन तशीच सोडलीत ना? नव्या गाडीची काय दशा केलीत बघा."

चारुशीलाबाई तुळशीपुढं दिवा लावत होत्या. बिभीषणनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी वात सारखी केली, आणखी एकदा सारखी केली.

"चुकलं, दादा," बिभीषण म्हणाला.

त्या रात्रीच्या जपात चारुशीलाबाईंचं बोट एकाच मण्यावर अडून बसलं. आपण खोटं कुठं बोललो, असं त्यांनी मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना.

सकाळी अंगणात सडा टाकताना समोरचं बोलणं कानावर आलं. बिभीषण बादली घेऊन माणिकप्पांच्या दारात उभा होता.

"उत्कर्षच्या गाडीचं ऐकलं. आमची गाडी पांढरीच हाय म्हणा, ठिपके दिसायचे न्हाईत," माणिकप्पा नजर चुकवत म्हणाले, "पण सध्या राहू दे."

बादली उचलून तो निघाला. चारुशीलाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्या फाटकापाशी गेल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "थांबा, बिभीषणभाऊ. माणिकप्पा, ते ठिपके माझ्या हातचे आहेत. हे पुसायला आले होते, मीच अडवलं. तीर्थ म्हणून मिरवलं, पण त्यात चारच थेंब तीर्थ होतं. बाकी सगळं बोर."

उत्कर्ष ओट्यावर आला होता. "मग काल का बोलली नाहीस, आई?"

त्यांनी बिभीषणसाठी फाटक उघडलं.

बिभीषणनं बादली काळ्या गाडीपाशी खाली ठेवली. सवयीनं तळहात बॉनेटवर टेकवला. पत्रा गार होता. "वहिनी, घरात व्हिनेगर हाय का? लोणच्याला वापरता ते, पांढरं."

व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून त्यानं फडकी भिजवली आणि ठिपक्यांवर थोडा वेळ अंथरून ठेवली. मग पुसून, वरून जारचं पाणी. बरेच ठिपके गेले. बॉनेटच्या मध्यावरचे सात-आठ मात्र हटेनात.

"हे रंगात उतरलेत. धाराशिवला पॉलिशवाल्याला दाखवा, दादा."

"द्या, मी पुसते," चारुशीलाबाईंनी फडकं घेतलं.

"दाबू नका. नुसतं टिपा."

खाली मान घालून त्यांनी हळूच विचारलं, "काल 'चुकलं' कशाला म्हणालात?"

"तुमच्या हातात तुळशीचा दिवा हुता, वहिनी. तसं असताना तुमाला खोटं कसं पाडायचं?"

बिभीषण टायरांकडं वळला. चारुशीलाबाई न निघणारे ते ठिपके टिपत राहिल्या.