जाऊबाईंचा मजला

माझी मोठी जाऊ पडदे शिवते. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, वरच्या मजल्यावर दिवसभर मशीन चालवायचं, आणि एवढं करून कपाळावर घामाचा थेंब नाही. पन्नाशी उलटली तरी पाठ ताठ. खोटं कशाला बोलू, मला ती कधी बघवलीच नाही.

मोठे दीर वारले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. त्यानंतर माझ्या नवऱ्याला एक सवय लागली. कामावरून आला की आधी जिन्याशी थांबून मान वर करायची आणि विचारायचं, वहिनी, काही हवंय का? मग घरात पाऊल. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. साऱ्या गावाला वरखाली करणारा माणूस, पण घरी याची नजर कायम वरच. वरून उत्तर यायचं, 'नको भाऊजी'. बस, एवढंच. पण ते 'भाऊजी' असं काही मऊ यायचं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग मीच नियम केला. खालचं आमचं, वरचं तिचं. वरचा नळ गळला तर तिनं बघावा, भिंतीचा रंग उडाला तर तिनं लावून घ्यावा. नवरा पक्कड घेऊन निघाला की मी पहिल्या पायरीवर आडवी. त्यांचा मजला आहे, त्यांचं त्या बघतील, असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायची. एकदा वरचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तर मी आमची शिडी आतल्या खोलीत टाकून कुलूप लावलं. तिनं बाहेरून गवंडी आणला, स्वतःच्या पैशानं. त्याला घेऊन वर जाताना माझ्याकडे बघून हसली. हसायचं काय होतं त्यात?

शेवटी नवराच माझ्या तोंडाला कंटाळला. तुझ्या संशयाबरोबर संसार होत नाही म्हणाला आणि कामाजवळ खोली घेऊन राहायला लागला. घटस्फोटाचं प्रकरण कोर्टात गेलं. घर त्याच्या एकट्याच्या नावावर. माझ्या वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं. मजले दोन, माणसं दोन. वरचा त्याला, खालचा अख्खा मला. मला तरी दुसरं काय हवं होतं? माझं स्वयंपाकघर, माझं मागचं दार, बस. या वयात मी कुठे नव्यानं चूल मांडू?

पण नवऱ्यानं भलतंच काढलं. म्हणे, घर घेताना निम्मे पैसे मोठ्या भावाचे होते. भाऊ तेव्हा परगावी नोकरीला, म्हणून कागद एकाच्याच नावावर झाले. वरचा मजला त्याचा, त्याच्यामागे वहिनीचा. आपण तो फक्त विश्वासानं सांभाळतोय, त्यामुळे वाटणी खालच्याचीच. म्हणजे खालचा विकायचा, पैसे निम्मे करायचे आणि मी पिशव्या उचलायच्या.

भावाभावांत लिहून काही ठेवलेलं नव्हतं, सगळी तोंडी बोली. वकीलबाई म्हणाल्या, मग इतकी वर्षं तो मजला कुणाचा मानला जात होता हेच कोर्ट बघेल. तिथली दुरुस्ती कोण करायचं? मी ठोकून दिलं, माझा नवरा, आमच्याच पैशानं. घर वाचवायचं तर एवढं खोटं चालतं. त्या खूश झाल्या. हेच साक्षीत सांगा म्हणाल्या.

साक्षीच्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली होती, ताठ पाठीनं. वकीलबाईंनी मला ठरलेला प्रश्न विचारला, वरच्या मजल्याचा खर्च कोण करायचं? उत्तर अगदी जिभेवर होतं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, मी काय बोलणार आहे ते. माझा नवरा या बाईवर खर्च करायचा. तिचे नळ, तिच्या भिंती, तिचं छप्पर. हे चारचौघांत मी सांगायचं, कोर्टातल्या माणसानं टाइप करून ठेवायचं आणि तिनं मागे बसून ऐकायचं?

"एक खिळासुद्धा नाही," मी म्हणाले. "त्यांचा मजला, त्यांनीच केलं सगळं. मी नवऱ्याला पायरी चढू दिली नाही."

वकीलबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शब्द फिरवून पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा जास्तच ठसक्यात.

निकाल काय लागणार होता ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. वरचा मजला तिचा ठरला आणि खालचा विकायला निघाला. कोर्टाबाहेर नवरा माझ्याजवळ आला. तू खरं बोलशील असं वाटलं नव्हतं म्हणाला. घराबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मला एकच विचारायचं होतं.

"अहो, खरंच तिला कधी काही दिलं नाहीत?"

"पैसे द्यायला गेलो होतो, छप्पर गळलं तेव्हा. वहिनींनी घेतले नाहीत. म्हणाल्या, तिला कळलं तर तिला वाईट वाटेल."

तिला म्हणजे मला. तिनं माझ्यावर दया केली होती, आणि याला ते इतकी वर्षं ठाऊक होतं. घर गेलं ते मी एक वेळ विसरेन, पण हे नाही विसरायची.