सुनेनं इसार दिला होता

ही गोष्ट मी माझ्या बायकोच्या फोटोपुढेसुद्धा बोललो नाही. ती गेल्यापासून रोज सकाळी तिला सगळं सांगतो – भरती कधीची, बोंबील कसा निघाला, गुडघा किती दुखला. एवढंच गाळतो. आज तुम्हाला सांगतो. का सांगतो ते विचारू नका, मलाही धड ठाऊक नाही.

आधी माझ्या सुनेबद्दल ऐका. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय माझ्याबद्दल बोलता यायचं नाही. माकुणसारची पोर. आमच्या चिंचणीहून रोज पाळीच्या बसनं बोईसरला जाते, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. लग्नात रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं – वैशाली. मीच निवडलेलं. पण कारखान्यात ती माहेरचीच स्नेहल राहिली. मला ते रुचलं नव्हतं.

तिला टीव्हीवरच्या खेळांचा नाद. सुट्टीच्या दिवशी भाकऱ्या थापून झाल्या, की ते बटणांचं यंत्र हातात घेऊन बसायची. सुरुवातीला मी नाक मुरडलं. मग हळूच मागे खुर्ची ओढून बसायला लागलो. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण हात ओळखतो. तिचे हात सुकाणूवरच्या माणसाचे. बुडायची, पुन्हा तिथूनच निघायची – चिडणं नाही, हात आपटणं नाही. असा माणूस होडीवर मिळायला नशीब लागतं.

तेव्हा एक नवा खेळ यायचा होता. अख्खा समुद्राचा. अजून बनतच होता, कोणी पाहिलाही नव्हता – आणि हिनं बोईसरच्या दुकानात आगाऊ पैसे भरले. आधी नोंदवेल त्यालाच म्हणे खेळात एक खास होडी मिळणार, तिच्यावर हवं ते नाव रंगवता येणार. नंतर येईल त्याला साधी होडी.

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, आधी हातात येऊ दे, मग पैसे दे. पाण्यात म्हैस आणि वर मोल!

खेळ लांबला. मग आणखी लांबला. मी रोज चहाबरोबर टोमणा मारायचो – आली का गं तुझी होडी? ती नुसती हसायची. एकदा ओटीवर शेजारचा दामूतात्या बसला होता, अंगणात बायका सुके बोंबील निवडत होत्या, तेव्हा मी पुन्हा तेच काढलं. ती कप खाली ठेवत म्हणाली,

"बाबा, तुमी सुताराला इसार दिला, तेव्हा लाकूड तरी कापलं होतं का?"

सगळे हसले. दामूतात्या म्हणाला, "घे. तुझंच जाळं तुझ्या अंगावर."

आणि खरंच होतं ना ते! आम्हा मच्छीमारांचा धंदाच इसारावर. व्यापारी नारळी पुनवेआधी पैसे देऊन जातो, मासळी अजून समुद्रात असते. माझ्या होडीचा इसार दिल्यावर मी अख्खा पावसाळा सुताराच्या अंगणात उभा राहून काढला. त्यानं तारीख पुढे ढकलली की मी म्हणायचो, घाई नको, नीट बांध. ही गोष्ट मीच तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलेली. बनवणाऱ्यावर भरवसा टाकायचा आणि वाट बघायची – ती माझ्यासारखी होती. पोटच्या पोराहून जास्त. हे तिला सांगायला माझं काय जात होतं?

नाही सांगितलं. ते हसणं कानात राहिलं.

मग – ती दुपार. सून पाळीवर, मुलगाही कामावर. मी ओटीवर जाळं सांधत होतो. मोटारसायकलवरून कुरियरवाला आला, घामानं भिजलेला. हातात चपटा खोका. स्नेहल इथंच राहतात ना, म्हणाला. खोक्यावरचं दुकानाचं नाव वाचण्याइतकं मला येतं. काय आहे ते कळलं नाही, असं मी म्हणणार नाही.

"या नावाचं इथं कोणी नाय," मी म्हणालो.

त्यानं पत्ता पुन्हा वाचला. तिला फोन लावला. कारखान्यात फोन गेटवर ठेवावा लागतो, हे मला ठाऊक होतं. गेला तो. त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आमच्या घरात ती वैशाली, मग मी खोटं कुठं बोललो – असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटंच होतं ते.

संध्याकाळी तिनं विचारलं, बाबा, कोणी आलं होतं का? नाय म्हणालो. तिनं पुन्हा विचारलंच नाही. माझ्या शब्दावरही तिचा तसाच भरवसा – बघायच्या आधीच टाकलेला. परत गेलेला खोका दुकानदारानं दुसऱ्या कोणाला दिला, हिचे पैसे परत केले. ती त्याच्याशी भांडली. कुरियरवाल्याला खोटारडा म्हणाली – न येताच आलो म्हणतो. मी जेवत होतो. मान हलवली.

काही महिन्यांनी तोच खेळ तिनं स्वस्तात आणला. म्हणाली, पहिल्यांदा निघालेला मध्येच अडकायचा, आता दुरुस्त केलाय. म्हणजे हिशोबानं मीच खरा ठरलो, नाही का? पण मी मागे बसून बघतो. साध्या होडीतून काय सुरेख जाते ती! लाट अंगावर आडवी घेत नाही, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सरळ तिच्यात घालते. हे मी शिकवलेलं नाही. एकदा राहवलं नाही, विचारलं – त्या दुसऱ्या होडीवर काय नाव रंगवणार होतीस?

तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. "तुमच्या होडीचं. दुसरं कुठलं?"

बायकोच्या आजारपणात विकली होती मी ती.

परवा मुलगा तिला म्हणाला, नवा खेळ येतोय, तुझ्यासाठी नोंदवून ठेवू का? ती कांदा चिरत होती.

"नको," म्हणाली. "आधी हातात येऊ दे."

माझंच वाक्य. माझ्याच सुरात. मुलगा हसला, म्हणाला, बाबांनी शहाणं केलं तुला. मी जाळ्याचा दोरा दातानं तोडला आणि पुढची गाठ घेतली.