बाबांच्या कॉम्प्युटरची भरदुपारची वंदना

मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना वाकायची सक्त मनाई केली, आणि अमरावतीच्या आमच्या राजापेठेतल्या घरात एक नवीनच अडचण उभी राहिली. कॉम्प्युटरचं बटण टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्यावर. डबा वर ठेवावा, तर टेबलावर आईचं शिलाई मशीन. "मशीन हलनार नाही," आईनं आधीच सांगून टाकलं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी बुद्धवंदना ऐकायची, मग अक्षर मोठं करून पेपर वाचायचा, हा त्यांचा नेम. त्यामुळे रोज सकाळी हाक यायची, "अवं, बटन दाब ना थोडं." आई पोळ्या सोडून यायची आणि पायाच्या अंगठ्यानं बटण दाबून परत जायची.

मी अकोल्यात नोकरी करते, जठारपेठेत खोली घेऊन राहते. शनिवारी घरी आले तेव्हा कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये शिरले. एरवी तिथं घाईघाईनं जाणं व्हायचं. त्या दिवशी निवांत वाचत बसले. किती सोयी होत्या! कीबोर्डच्या बटणानं सुरू करणं, रोज ठरल्या वेळी आपोआप सुरू होणं, लाइट जाऊन आली की स्वतःहून उठणं. मी तिन्ही चालू केल्या. कॉम्प्युटर उठला की वंदनेचं रेकॉर्डिंग वाजेल अशीही व्यवस्था केली. रविवारी सकाळी कुणी हात न लावता वंदना सुरू झाली. बाबा खुर्चीत ताठ बसून हसत होते. मीही खुशीत अकोल्याला परतले.

दोनच दिवसांनी भरदुपारी ऑफिसात आईचा फोन.

"काहून वं, तुह्या बापाची वंदना आता काहून सुरू झाली? मले वाटलं घरात कोनी मानूस शिरला! लाटणं घेऊन गेली मी आत."

बाबा व्यायामासाठी दवाखान्यात गेले होते. शेजारच्या काकू आईशी बोलत बसल्या होत्या. लाइट गेली आणि आली, तशी आतून वंदना सुरू. काकू बिचाऱ्या हात जोडून उभ्या राहिल्या. अर्ध्यात पुन्हा लाइट गेली, आली, वंदना पहिल्यापासून सुरू. काकू पुन्हा उभ्या. तिसऱ्यांदा मात्र त्या बसूनच म्हणाल्या, "बाई, आज काही खास हाय का तुमच्याकडं?"

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक पाहायला लागले.

संध्याकाळी बाबांना फोनवर बायोसमध्ये नेलं. डिलीट दाबायला त्यांना दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा पोचले आणि एकेक अक्षर लावून वाचू लागले. "रिस्टोर... एसी... पॉवर लॉस. अवं, आपल्या घरी एसी हाय कुठी? कूलर हाय!"

"तो एसी नाही बाबा, हा एसी म्हणजे घरातली वीज. लाइट जाऊन आल्यावर काय करायचं, ते तिथं ठरवायचं. तिथं 'पॉवर ऑफ' निवडा, मग सेव्ह करायला एफ टेन दाबा."

त्यांनी केलं. पण लगेच बाहेर पडायला मन होईना. "हे पंख्याचं काय हाय? वाढवू का?" मी नको म्हणेपर्यंत त्यांनी डब्यातला पंखा पूर्ण वेगावर नेला. मागून आईचा आवाज आला, "आता हे काय भणभण करून राह्यलं?" पंखा परत खाली आणला, पण बाबांची भीड त्या संध्याकाळी चेपली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला न विचारता सकाळची वेळ पुढे ढकलली आणि मग फोन करून सांगितलं, "थंडी पडली ना. म्या बदलून घेतलं."

आईनं कीबोर्डचं बटण आपलंसं केलंय. दुपारी ब्लाउजचे नवे गळे पाहायला ती स्वतःच कॉम्प्युटर सुरू करते, काकूही येतात. परवा तिनं विचारलं, "रविवारी हा कॉम्प्युटर एवढ्या सकाळी उठनार नाही, असं होत नाही का?"

"आई, तुमच्या मदरबोर्डाला वार कळत नाहीत. रोज एकच वेळ."

"मंग राहू दे. उठू दे तुह्या बापाच्या संगं. मी झोपते."