न्यायला येणारं माणूस

घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय मुलीला सोडायचं नाही, हा आमच्या वसतिगृहाचा पहिल्यापासूनचा नियम. रत्नागिरीतल्या एका भाड्याच्या माडीवर मोजक्या मुली राहत होत्या, तोवर तो ठीक होता. ऐंशी सालानंतर स्वतःची इमारत झाली, खाडीकाठच्या आणि आतल्या गावांतल्या मुली येऊ लागल्या. त्यांचे बाप मुंबईला. न्यायला येणार कोण? कोणाचा चुलता यायचा, कोणाचा मामा, कोणाचा कोणीच नाही. आणि शेवटची मुलगी जाईपर्यंत रेक्टरनं जागा सोडायची नाही, हे त्या नियमाचं शेपूट. रेक्टर मी.

मी फार थकले होते. पावसात कपडे वाळायचे नाहीत, सुक्या बांगड्याच्या वासावरून खोल्याखोल्यांत भांडणं, आणि निवाडा माझ्याकडे. मुलींची आई व्हा, असं वसतिगृहाची समिती म्हणायची. माझी स्वतःची आई पूर्णगडला एकटी होती, तिचं काय, ते कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आई परसात घसरून पडली. शेजारीण पेज करून देते, पण तू लवकर ये, असा निरोप आला. सुट्टी लागली, मुली एकेक करून गेल्या. अंजनवेलची एक मुलगी तेवढी उरली. तिचा काका यायचा होता. तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला त्या पोरीचा राग येत होता, आणि तिचा काही दोष नाही हे कळत होतं म्हणून जास्तच येत होता.

शेवटी तीच म्हणाली, "बाई, तुमची आई पडलीय ना? चला, मी येते तुमच्याबरोबर. काका आला तर वॉचमन सांगेल त्याला."

"नियम आहे," मी म्हटलं.

तिनं माझी पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागली. पिशवीत आईची औषधं होती. समितीला काय सांगायचं ते नंतर बघू म्हणत मी तिच्यामागून निघाले.

आई खाटेवर होती, पाय सुजून टम्म झालेला. "आलीस गो? मला वाटलं, यंदाही गणपती बसल्यावरच येशील." मग पोरीकडे बघून, "ही कोण?"

"वसतिगृहातली. हिला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून घेऊन आले."

"आणि तुला?" आई म्हणाली. "तुला न्यायला कोण कधी आलं गो? माझ्याच्यानं तिथवर येववत नाही. नुसती वाट बघत बसते."

पोरगी एव्हाना चुलीपाशी बसून पेज ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, बाईंना मी घेऊन आले."

मी आईच्या पायाशी बसले आणि पोटभर रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला न्यायला कोणी आलं होतं.